गिअरबॉक्सला कूलर लावण्याआधीची तयारी

आधी कूलर नको, तापमान मोजायची सोय करा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल किती तापतंय हे माहीत नसताना कूलरचा साइज ठरवणं म्हणजे अंधारात तीर मारणं. सेन्सर पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या थाळीत, लावला की गिअरबॉक्स कोणत्या तापमानाचं ऑइल ओढतोय ते कळतं. कूलरकडे जाणाऱ्या लाइनवर लावला तर टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) उष्णता लगेच दिसते, पण आकडे इतके उड्या मारतात की माणूस उगाच घाबरतो. माझं मत पॅनला. पॅनमध्ये साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअस असेल तर काळजी नको. 120 च्या वर वारंवार जात असेल तर ऑइल लवकर खराब होतं आणि सील कडक पडतात.

उष्णतेचा मोठा वाटा कन्व्हर्टरच्या स्लिपमधून, म्हणजे आतल्या घसरण्यातून, येतो. म्हणून हाय-स्टॉल कन्व्हर्टर (इंजिन जास्त फिरल्यावरच पकड घेणारा) बसवलेला असेल किंवा लॉक-अप (स्लिप बंद करणारा क्लच) नसेल तर मोठा कूलर धरून चाला. रस्त्यावरच्या गाडीची खरी परीक्षा सुसाट पळताना होत नाही, ती ट्रॅफिकमध्ये होते: कन्व्हर्टर घसरतोय आणि समोरून वारा शून्य. त्यामुळे कूलर रेडिएटरच्या फॅनच्या ओढीत येत नसेल, तर त्याला स्वतःचा फॅन आणि थर्मोस्टॅट स्विच हवाच.

प्रकार निवडताना फार घोळ घालू नका. नळी आणि फिन्सचा (पातळ पत्र्यांचा) साधा कूलर स्वस्त आणि दणकट, पण त्याच जागेत स्टॅक्ड-प्लेट (एकावर एक प्लेट रचलेला) कूलर जास्त उष्णता काढतो. जागा असेल तर स्टॅक्ड-प्लेटच घ्या. फार थंड हवामानात गाडी चालवत असाल तर थर्मोस्टॅटिक बायपास, म्हणजे ऑइल गार असताना त्याला कूलर टाळून परत पाठवणारा व्हॉल्व्ह, जोडा. गार, जाड ऑइलही गिअरबॉक्सला मानवत नाही. गिअरबॉक्स सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, बेल्टवर चालणारा) किंवा ड्युअल-क्लच (दोन क्लचचा) असेल तर हे आडाखे जसेच्या तसे लावू नका, त्यांचं ऑइल आणि रचना वेगळी.

कूलर बसवायची जागा म्हणजे एसी कन्डेन्सरच्या (गाडीच्या तोंडाशी असलेली एसीची जाळी) पुढे, थोडी फट सोडून. पॅकेटात कधीकधी कूलरच्या जाळीतून आरपार ओवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात. त्या सरळ बाजूला टाका. कंपनाने घासून त्या फिन्स आणि नळ्या खातात, शिवाय मागच्या कन्डेन्सरचंही वाटोळं करतात. चांगले ब्रॅकेट करा, खाली रबरी ग्रोमेट घाला. कूलरची होस जोडायची तोंडं वर किंवा आडवी ठेवा. खाली ठेवली तर आत हवा अडकते.

कंपनीचा कूलर रेडिएटरच्या टाकीत असेल तर तो काढू नका. नवा त्याच्यानंतर, गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या लाइनवर जोडा. परतीची लाइन कोणती हे अंदाजाने ठरवू नका. थंड इंजिन चालू करून गिअरबॉक्सजवळच्या दोन्ही लाइन तापमापक गनने तपासा. आधी तापते ती बाहेर जाणारी.

होस ट्रान्समिशन ऑइलसाठी बनलेलाच घ्या, पेट्रोलचा उरलेला तुकडा चालणार नाही. लोखंडी पाइपच्या टोकाला गोल उंचवटा हवा, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळा, होस निसटू शकतो. एक्झॉस्टपासून लांब न्या: तापलेल्या पाइपवर ऑइल गळलं तर आग लागू शकते. आधीचा गिअरबॉक्स जळून फुटला असेल तर जुना कूलर धुवून वापरायचा मोह टाळा. आत अडकलेला धातूचा कीस नव्या गिअरबॉक्समध्ये जातो.

ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं आणि थोडं जास्तीचं आणून ठेवा, कारण कूलर आणि होसमध्येही ते भरतं. लेव्हल कंपनीच्या पद्धतीनेच तपासा. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते, ठरावीक तापमानाला प्लग उघडून बघावं लागतं. पहिल्या छोट्या फेरीनंतर गाडी उचलून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर तो जोड दुरुस्त करा आणि लेव्हल पुन्हा बघा.