निरोगी वार्धक्याच्या संशोधनाला हातभार कसा लावावा

वय वाढताना शरीरात नेमके काय घडते, या प्रश्नाचा बराचसा तपास आजवर यीस्ट, कृमी, फळमाश्या आणि उंदीर यांच्यावर झालेला आहे. 1993 मध्ये सिंथिया केन्यन यांच्या प्रयोगशाळेने एका सूक्ष्म कृमीतील एकाच जनुकात बदल झाला तर त्याचे आयुष्य दुप्पट होते, हे दाखवले. 2009 मध्ये अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी प्रयोग करून, उतारवयात दिलेल्या रॅपामायसिन या औषधानेही उंदरांचे आयुष्य वाढते, हे सिद्ध केले. परंतु तो कृमी काही आठवडे जगतो आणि उंदीर दोन-तीन वर्षे. माणसाचे वार्धक्य समजून घ्यायचे असेल, तर त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासावे लागते. म्हणून सामान्य कुटुंबाला करता येण्याजोगी सर्वांत मोलाची मदत म्हणजे अचूक माहिती आणि न सोडलेला सहभाग, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील मार्गदर्शन मुख्यतः त्याविषयीच आहे.

भारतातील या प्रकारचा सर्वांत मोठा अभ्यास ‘लासी’ (लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने त्याची पहिली फेरी 2017 मध्ये सुरू केली आणि तिच्यात 45 वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे 72,000 व्यक्तींची पाहणी झाली. प्रश्नावलीबरोबरच रक्तदाब, फुप्फुसांची क्षमता, हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेग मोजण्यात आला, तसेच बोटातून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून जपण्यात आले. अशा पाहणीत स्वतःहून नाव नोंदवता येत नाही. घरांची निवड सांख्यिकी पद्धतीने होते. त्यामुळे निवड झालेल्या घराने नकार दिला, तर त्याची जागा शेजारच्या घराने भरून निघत नाही. नकार देणारी घरे सहसा एका विशिष्ट प्रकारची असतात, मोठ्या गृहसंकुलांतील किंवा घरात कोणी गंभीर आजारी असलेली, आणि तीच गळाली की साऱ्या निष्कर्षांना बाक येतो. पाहणी करणारे दारावर आले, तर त्यांचे ओळखपत्र आणि संस्थेचे पत्र पाहावे, शंका असल्यास संस्थेच्या अधिकृत क्रमांकावर विचारून खात्री करावी, आणि मग त्यांना सवडीने वेळ द्यावा.

मुलाखतीच्या वेळी घरच्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. स्मरणशक्तीच्या चाचणीत आजींना दहा शब्द ऐकवून थोड्या वेळाने ते आठवायला सांगतात, तेव्हा शेजारी बसलेली सून किंवा नातू मायेने एखादा शब्द सुचवतो. हेतू चांगला असला तरी त्या क्षणी चाचणी निरुपयोगी होते. ज्येष्ठांना शांत खोलीत बसवावे, चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ द्यावे, आणि आपण बाजूला व्हावे. त्यांच्या प्रकृतीविषयीची उत्तरेही त्यांनाच देऊ द्यावीत. घरातील कर्त्या माणसाने सर्वांच्या वतीने बोलण्याची आपली सवय येथे आवरायला हवी.

याहून मोठी अडचण वयाची आहे. महाराष्ट्रात साठी-सत्तरी ओलांडलेल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती सोयीची तारीख लिहून टाकली होती. सरकारी कामाला ती चालते. वार्धक्याच्या संशोधनाला चालत नाही. 2013 मध्ये संशोधक स्टीव्ह हॉरव्हाथ यांनी डीएनएवरील 353 ठिकाणच्या रासायनिक खुणा वाचून व्यक्तीचे वय सांगणारी पद्धत मांडली, तिची सर्वसाधारण चूक 3.6 वर्षांची होती. शरीराचे वय आणि पंचांगाचे वय यांतील जो फरक संशोधकांना शोधायचा असतो, तो बहुधा एवढाच असतो. मग मूळ जन्मवर्षच दोन-तीन वर्षांनी चुकलेले असेल, तर हाती काय लागणार? म्हणून आईवडिलांचे खरे जन्मवर्ष आत्ताच, ते सांगू शकत असताना, शोधून ठेवावे. जन्मपत्रिका किंवा ग्रामपंचायतीतील जन्मनोंद मिळाली तर उत्तमच. ती नसेल, तर ठळक घटनांचा आधार घ्यावा: 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा आई कितवीत होती, 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाच्या वेळी वडील कामाला लागले होते का, 1972 च्या दुष्काळात घरात मूल केवढे होते. दोन-तीन घटना जुळल्या की जन्मवर्ष बऱ्यापैकी निश्चित होते. संशोधकांना दोन्ही तारखा, कागदावरची आणि शोधलेली, स्पष्टपणे वेगवेगळ्या सांगाव्यात.

स्वतःहून सहभागी होता येईल असेही अभ्यास आहेत. बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्र दोन दीर्घकालीन अभ्यास चालवते: कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूरच्या ग्रामीण भागातला एक, आणि टाटा न्यासांच्या साहाय्याने बेंगळुरू शहरातला दुसरा. दोन्हींत 45 वर्षांपुढील व्यक्तींच्या मेंदूचे आरोग्य वर्षानुवर्षे पाहिले जाते, आणि त्या शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी शहरी अभ्यासाची जरूर चौकशी करावी. याच विज्ञान संस्थेने वार्धक्याची भारतीय मोजमापे निश्चित करण्यासाठी ‘भारत’ नावाचा स्वतंत्र अभ्यासही हाती घेतला आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू परिसरातील गावांची आरोग्यनोंद 2002 पासून सातत्याने ठेवली आहे. त्याच रुग्णालयाने 1993 मध्ये पुण्याजवळील सहा गावांतील मातांपासून सुरू केलेल्या अभ्यासात त्यांची मुले मोठी होईपर्यंत पाहिली गेली, आणि मध्यमवयातील मधुमेहाची मुळे गर्भावस्थेतील पोषणात कशी असू शकतात, याविषयीची समज त्या गावांनी टिकवलेल्या सहभागातून वाढली.

औषधाची किंवा अन्य उपचाराची चाचणी असेल, तर आधी ती ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सार्वजनिक नोंदवहीत शोधावी. ही नोंदवही 2007 पासून सर्वांना संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, आणि औषधचाचण्यांना तेथील नोंदणी 2009 पासून बंधनकारक आहे. संमतीपत्र मराठीत मागावे आणि घरी आणून निवांत वाचावे. त्यात एथिक्स कमिटीचा, म्हणजे सहभागींच्या हिताच्या दृष्टीने संशोधन तपासणाऱ्या समितीचा, संपर्क दिलेला आहे का, इजा झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार, आपले रक्तनमुने पुढे दुसऱ्या संशोधनासाठी वापरले जातील का, आणि तपासणीत अनपेक्षित आजार आढळला तर आपल्याला कळवले जाईल का, हे पाहावे. कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडण्याचा हक्क सहभागी व्यक्तीला असतो. सहभागासाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारी, किंवा तारुण्य परत आणण्याची हमी देणारी ‘चाचणी’ संशोधन या नावाला पात्र नाही. मूलपेशींच्या (स्टेम सेल) इंजेक्शनांची अशी दुकाने बरीच आहेत आणि तेथे खर्च झालेला रुपया विज्ञानाला पोहोचत नाही.

एकदा सहभागी झाल्यावर मात्र शक्यतो टिकून राहावे. बाहेर पडण्याचा हक्क खरा आहे, आणि तरीही पाचव्या वर्षी केवळ कंटाळ्याने सोडलेला सहभाग आधीच्या चार वर्षांच्या कामाची किंमत घटवतो. पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलला की संस्थेला कळवावे, मुलाबाळांपैकी एकाचा पर्यायी क्रमांक द्यावा, आणि प्रकृती खालावली म्हणून तपासणी टाळू नये, कारण नेमक्या त्याच काळातील नोंद सर्वांत मोलाची असते. स्त्रियांनी तर आवर्जून पुढे यावे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे 1958 पासून चालू असलेल्या वार्धक्याच्या प्रसिद्ध अभ्यासात स्त्रियांना 1978 पर्यंत घेतलेच नव्हते. वीस वर्षांची ती पोकळी नंतर कोणत्याही निधीने भरता आली नाही.

मृत्यूची नोंद हाही या संशोधनाचाच भाग आहे. भारतात 2020 मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी केवळ 22.5 टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. घरी निधन झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना 4अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, भरून घ्यावा आणि ‘वार्धक्य’ किंवा ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढ्यावर न थांबता मूळ आजार लिहिण्याची विनंती करावी. त्या दिवशी हे सुचणे अवघड असते. म्हणून घरातील एका व्यक्तीला ही जबाबदारी आधीच सांगून ठेवावी. देहदानाचा विचार असेल, तर आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांना दिलेला देह प्रामुख्याने शरीररचनेच्या शिक्षणासाठी वापरला जातो, हे ध्यानात घ्यावे. ते कार्य थोरच आहे, पण वार्धक्याच्या संशोधनासाठी मेंदूदान वेगळे करावे लागते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविकारांच्या राष्ट्रीय संस्थेतील मेंदू-ऊतक संग्रह ते स्वीकारतो. मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढून घ्यावा लागत असल्याने हा मार्ग व्यवहारतः त्या परिसरात राहणाऱ्यांनाच खुला आहे, आणि अखेरची संमती जवळच्या नातेवाइकांनी द्यायची असल्याने त्यांच्याशी स्पष्ट बोलणे आवश्यक असते.

पैशाची मदतही लागतेच, आणि ती कोठे कमी पडते याचे एक ठळक उदाहरण आहे. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील स्वस्त गोळीमुळे वयाबरोबर येणारे आजार लांबतात का, हे 65 ते 79 वयाच्या 3,000 व्यक्तींवर तपासण्याची ‘टेम’ नावाची योजना अमेरिकेतील संशोधक नीर बार्झिलाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखली. पण या औषधावर आता कोणाचाही एकाधिकार नसल्याने औषधकंपन्यांना त्यात नफा नाही, आणि योजना वर्षानुवर्षे निधीसाठी अडली. असे प्रश्न सार्वजनिक पैशानेच सुटू शकतात. वैयक्तिक देणगी द्यायची तर ती थेट विद्यापीठाला किंवा संशोधन संस्थेला द्यावी, आणि शक्य असल्यास ‘जुन्या सहभागींच्या पाठपुराव्यासाठी’ असे पत्रात लिहून द्यावे, कारण नव्या यंत्राला देणगीदार मिळतात, गावोगावी फिरणाऱ्या क्षेत्रसेविकेच्या पगाराला मिळत नाहीत. प्राप्तिकरातील सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, हे पावती घेतानाच विचारात घ्यावे. मोठ्या कंपनीत निर्णय घेण्याच्या जागी असाल, तर कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा निधी सार्वजनिक विद्यापीठांतील आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांतील वैद्यकीय संशोधनालाही देता येतो, ही बाब संचालक मंडळापुढे ठेवावी आणि प्रस्ताव एका वर्षाऐवजी किमान पाच वर्षांसाठी मांडावा.