आधी घर, मग सोबत

सोबतीण मिळाली की भाड्याने घर घेऊ, असं म्हणत मी पाच महिने काढले. जिच्याशी बेत जुळायचा तिची नोकरी बदलायची, नाहीतर मला पसंत पडलेलं घर तिला लांब पडायचं. शेवटी दोन खोल्यांचा फ्लॅट एकटीच्या नावावर घेतला आणि दुसरी खोली मागाहून भरली. आजही कुणी विचारलं तर मी याच क्रमाने जा म्हणेन. फक्त माझी चूक तेवढी करू नका.

मी पहिल्या महिन्यापासूनच दुसरीच्या वाट्याचे पैसे हिशेबात धरले होते. त्यामुळे पहिली जी मुलगी खोली बघायला आली, तिला बघताना माझ्या डोक्यात फक्त भाड्याची तारीख होती. तिने फारसं विचारलं नाही, मीही विचारलं नाही. दोन महिन्यांनी शुक्रवारी रात्री तिने सांगितलं आणि रविवारी सामान हलवलं. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे पुढचं पूर्ण भाडं माझ्या अंगावर आलं.

म्हणून घर बघायला निघण्याआधीच हिशेब करा. डिपॉझिट सोडून किमान तीन महिन्यांचं पूर्ण भाडं बाजूला ठेवता येतंय का? येत नसेल तर लहान घर बघा, किंवा सरळ दुसऱ्याच्या घरातली एखादी खोली घ्या. त्यात काही कमीपणा नाही. हाताशी ते पैसे असले की खोली दाखवताना माणूस पारखायला उसंत मिळते.

घरमालकाशी सही करण्याआधीच बोला. मी एवढंच म्हणाले, "सध्या एकटी राहीन, पुढे एक जण सोबत येईल. करारात तसं लिहूया का?" तोंडी "चालेल हो" वर थांबू नका, घर विकलं गेलं किंवा कारभार दुसऱ्याच्या हाती गेला की तो शब्द कुणाला आठवत नाही. नवीन माणसाचं नाव करारात घालता येतं, किंवा मालकाच्या लेखी संमतीने ती तुमची पोटभाडेकरू होते. पोटभाडेकरू असेल तर तिने थकवलेलं भाडंही मालक तुमच्याकडेच मागणार. आणि दोघींची नावं असली तरी जबाबदारी एकत्रित आहे (म्हणजे एकीने थकवलं तर दुसरीने भरायचं) की ज्याची त्याची, हे वाक्य शोधून वाचा. दुसरं माणूस आल्यावर भाडं किंवा डिपॉझिट वाढणार का, तेही तेव्हाच विचारून घ्या.

पहिला महिना एकटीने राहण्याचा मोठा फायदा म्हणजे घराच्या खोडी कळतात. कुठल्या भिंतीला ओल येते, रात्री कुठल्या बाजूने आवाज येतो, सगळं. हे नंतर खोली बघायला येणाऱ्यांना मी आपणहून सांगत गेले. सामान लावण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो मात्र काढून ठेवा. आणि घर पूर्ण भरू नका. मी स्वयंपाकघरातलं एक कपाट, बाथरूममधली एक फळी आणि दाराजवळचे दोन हुक रिकामे ठेवले होते. रिकामी खोली सगळेच देतात, पण टॉवेल कुठे अडकवू हे विचारावं लागलं की माणूस कितीतरी दिवस पाहुण्यासारखाच वावरतो.

जाहिरातीत भाडं, डिपॉझिट, खोली कधीपासून मिळेल आणि तुमच्या कामाच्या वेळा लिहा. पूर्ण पत्ता आणि तुम्ही एकट्याच राहता हे लिहू नका. पहिली भेट बाहेर ठेवा, घरी बोलावताना एखादी मैत्रीण सोबत असू द्या. ओळखपत्र बघायला संकोच करू नका, तुमचंही दाखवा. "स्वच्छता आवडते का?" याला सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा "मागच्या घरात कशावरून वाजलं?" असं विचारा आणि दोष कुणाकुणाला दिला जातोय ते ऐका.

जिला मी शेवटी होकार दिला, तिने आल्या आल्या नळ सोडून पाहिला. मग रिकाम्या खोलीत जाऊन दार लावलं आणि आतून म्हणाली, "तुम्ही फोनवर बोलता तसं बोला हं हॉलमध्ये." मी उभ्या उभ्या वीजबिलच मोठ्याने वाचलं. दार उघडून म्हणाली, "ऐकू येतं, पण चालेल. मी पहाटे उठते, तुम्हाला चालेल?" इतकं स्वच्छ बोलणारं माणूस मला हवं होतं.

भाडं निम्मं-निम्मं करावंच असं नाही. आमचं घर 450 चौरस फूट, माझी खोली 120, तिची 90. उरलेली 240 दोघींची, म्हणजे प्रत्येकी 120. माझ्या वाट्याला 240, तिच्या वाट्याला 210. त्या प्रमाणात माझं भाडं सुमारे 53 टक्के आणि तिचं 47 टक्के झालं. टेप तिनेच धरली होती, त्यामुळे पुढे कधी कुरबूर झाली नाही.

मग एका कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या: भाड्याची तारीख, बिलांची वाटणी, पाहुणे किती रात्री, कुठली वस्तू कुणाची, आणि सोडायचं असेल तर किती आधी सांगायचं. मी मालकाला जितक्या दिवसांची नोटीस देणं लागते, तितकीच तिने मला द्यायची. तिच्या डिपॉझिटची पावती दिली आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली. ती राहायला आली त्या दिवशी दोघींनी मिळून विजेच्या मीटरचा फोटो काढला.

खोली बघून गेलेल्या आणखी तिघींना मी त्याच रात्री "नाही" म्हणून कळवलं. त्यांची शोधाशोध अजून चालूच होती.