सायकलचे कपडे घेताना या चुका टाळा (खर्चाच्या वहीतून)

आमच्या घरी खर्चाची वही आहे. लिहिते बायको, रकमा सांगायचं काम माझं. गेल्या वर्षीच्या मे महिन्याच्या पानावर एकाखाली एक असं आहे: सायकल जर्सी 1,450. आईच्या बीपीच्या गोळ्या 1,120. डॉक्टर 400. गोळ्या, मलम 685. पुन्हा डॉक्टर 300. शेवटच्या तीन रकमा माझ्या गळवाच्या. नेमकं बसायच्या जागी झालं होतं. अंगात नवीकोरी जर्सी, पाठीवर छापलेलं नाव, आणि खाली जुनी सुती ट्रॅक पँट. जळगावच्या मे महिन्यात तीन तास घामात भिजलेली शिवण कातडीवर घासत राहिली, दुसरं काय होणार? तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून उभी.

त्या पानानंतर मी नीट बघायला लागलो. आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांचा खर्च फार जास्त नाही, तो उलट्या क्रमाने होतो. आधी दिसणारं घेतलं जातं, मग लागणारं. आणि मध्येच दवाखाना येतो.

वरून सुरुवात करणं

ग्रुपची जर्सी ठरली की नाही म्हणायची सोय नसते. सव्वीस जानेवारीची राइड, फोटो, सगळे एका रंगात. घ्या, हरकत नाही, पण तिच्याआधी खालची, बसायच्या जागी गादी (पॅड) शिवलेली शॉर्ट्स घ्या. शरीराचं वजन जिथे टेकतं तिथला कपडा आधी, वाऱ्यात फडफडणारा नंतर. जर्सीचे खरे फायदे दोनच: पुढची लांब चेन आणि पाठीमागचे तीन खिसे. क्रीडा साहित्याच्या दुकानातला साधा घाम सुकवणारा टी-शर्ट आणि कमरेची छोटी पिशवी यांवर पहिलं वर्ष आरामात निघतं. तासाभराच्या फेरीला तर सुती शर्टही चालतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ओला सुती कपडा वाऱ्यावर गार वाटतो, हे शेतात राबणाऱ्या कुणालाही विचारा. सुती कपडा नडतो तो खाली, बसायच्या जागी. तिथे वारा नसतो, त्यामुळे ओल तशीच राहते.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत चड्डी घालणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि संकोचामुळे कुणी कुणाला सांगत नाही. पॅडची शॉर्ट्स थेट अंगावर घालायची असते. मधे चड्डी आली की तिची शिवण, तिचं इलॅस्टिक आणि तिने धरून ठेवलेला घाम हे तिन्ही परत आले. मग दोन हजारांची शॉर्ट्स काय कामाची?

तरीही दुखतंच असेल, तर नवी शॉर्ट्स मागवायच्या आधी कुठे दुखतंय ते बघा. मांडीच्या आतली कातडी सोलत असेल तर शॉर्ट्स सैल आहे. पॅडला घडी पडते आणि ती घडी घासते. उभं राहिल्यावर जरा जास्तच घट्ट वाटणारा माप बरोबर असतो, कारण सायकलवर आपण वाकलेले असतो. लांब फेरीआधी घासणाऱ्या जागी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला तरी भागतं, परदेशी क्रीमचा डबा लागत नाही. बुडाची दोन हाडं दुखत असतील तर नवख्या माणसाला पहिले दोन-तीन आठवडे ते चालायचंच. त्यानंतरही दुखलं तर बहुधा सीटची रुंदी तुमच्या हाडांना जुळत नाही. एकाच बाजूला घासत असेल तर बहुधा सीट उंच झाली आहे आणि पॅडल खाली नेताना कंबर डावी-उजवी हलते आहे. पाना घ्या, अर्धा सेंटिमीटर खाली करा, काम फुकटात झालं. आणि पुढचा भाग बधीर होत असेल तर त्यावर कुठलीच शॉर्ट्स इलाज नाही. बहुधा सीटचं नाक वर उचललेलं असतं, ते सपाट करा. तरीही बधिरपणा गेला नाही, तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.

जेलचं सीट कव्हर या सगळ्यावरचा लाडका उपाय. माझ्याकडे दोन पडून आहेत. मऊ गादीत हाडं रुततात आणि गादी नको तिथे वर दाबते. दहा किलोमीटरला छान वाटतं, तिसाव्याला रडू येतं.

मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणणं

ही चूक पैशानेही महाग पडते आणि अंगानेही. जांघेत गोल चट्टा, कडेला लाल, रात्री खाज: हा नायटा. घामट शॉर्ट्स घालून राइडनंतर तासभर चहा-पोहे करत बसलं की त्याला आयतं रान मिळतं. मग मेडिकलमध्ये जाऊन ट्यूब मागायची. मिळते ती बहुधा मिश्रणाची, त्यात क्लोबेटासोलसारखं जोरकस स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. स्टेरॉइड फक्त लाली आणि खाज दाबतं. बुरशी आत पसरत राहते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. साठ-सत्तर रुपयांच्या ट्यूबवर भागवायला गेलेला आमचा एक मित्र नंतर काही महिने त्वचारोगतज्ज्ञांकडे फेऱ्या मारत होता. घरात टॉवेल एकच असल्याने पोरालाही झालं. आधी तज्ज्ञाला दाखवा, सांगितले तेवढे आठवडे औषध पूर्ण करा, टॉवेल वेगळा ठेवा. राइड संपली की शॉर्ट्स आधी काढायची, पोहे मग.

एकच भारी शॉर्ट्स घेणं, आणि ती गच्चीवर भाजणं

पाच हजारांची एक घेण्यापेक्षा मध्यम किमतीच्या दोन घ्या. एक अंगात, एक दोरीवर. ओलसर शॉर्ट्स दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवली की वरच्या प्रकरणाची सुरुवात होते. तिसरी मात्र नको, निदान खानदेशात तरी. मार्च-एप्रिलमध्ये सावलीत टाकलेला पॅड दुपारपर्यंत कडकडीत वाळतो. श्रावणात तेवढं पंख्याखाली टाकावं लागतं.

धुण्यात मात्र सगळे चुकतात. गरम पाणी नको, कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण नको (त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम शोषला जात नाही), ब्लीच नको. गार पाण्यात, उलटी करून, हाताने. आणि भुसावळ-जळगावच्या 44 अंशांच्या गच्चीवर तर मुळीच वाळत घालू नका. लायक्राचा ताण उन्हाने जातो, एका उन्हाळ्यात शॉर्ट्सची लुंगी होते. हिशेब सोपा आहे: 1,800 ची शॉर्ट्स 120 वेळा वापरली तर फेरीला 15 रुपये. 40 वेळांत बिघडली तर 45.

दुसऱ्यांच्या हवामानाचे कपडे घेणं

व्हिडिओत युरोपातली माणसं हातमोजे, पायमोजे, वॉर्मर (हातापायांवर चढवायच्या उबदार बाह्या), तीन थर घालून निघतात. आपल्याकडे पाच-सहा आठवडे पहाटेची थंडी असते. ती खरी असते, धुळ्यात काही हिवाळ्यांत पारा पाच-सहा अंशांवर येतो. पण आठ वाजले की ऊन चटके देतं आणि हजारोंचं जॅकेट कमरेला बांधून फिरावं लागतं. चेनचा जुना स्वेटर पुरतो. कन्नड घाट उतरताना छातीला वारा झोंबला तर जर्सीत वर्तमानपत्राची घडी सारा. जुने शर्यतवालेही हेच करत. उन्हाळ्यासाठी फिकट रंगाची पातळ पूर्ण बाही आणि मानेवर रुमाल. मे महिन्यात साडेसातच्या आत घरी नसलात तर कुठलाही कपडा वाचवणार नाही.

लोक काय म्हणतील म्हणून न घेणं

खेड्यातून घट्ट शॉर्ट्सवर जाताना पारावरून हाक येतेच: "हाई काय घालेल शे रे भो?" बायकांना तर याहून जास्त ऐकावं लागतं, म्हणून त्या सलवारीवरच चालवतात आणि सहन करतात. यावर स्वस्त तोड आहे: पॅडचा आतला लायनर. तो आत, वरून नेहमीची ट्रॅक पँट किंवा सैल पायजमा. कुणाला कळत नाही, किंमतही कमी. बायकांनी मात्र बायकांच्या मापाचाच घ्यावा, पॅडचा आकार वेगळा असतो. नवऱ्याची जुनी शॉर्ट्स वापरणं ही काटकसर नव्हे.

सवलतीचा आकडा बघणं, कराचा न बघणं

22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यापुढे 18. म्हणजे करापूर्वी 2,500 चा नग 2,625 ला पडतो आणि 2,600 चा थेट 3,068 ला. शंभराच्या फरकाला 443 रुपये. शॉर्ट्स परत घेतात का, तेही आधी वाचा. आतल्या कपड्यात मोजून बरेच विक्रेते घेत नाहीत.

"मी सायकल चालवतो, मला विमा कशाला?"

हे वाक्य मी स्वतः बोललोय, म्हणून जरा थांबतो. सायकलने वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, मान्य. पण वही सांगते की घरातला मोठा खर्च माझ्या तब्येतीचा नव्हताच. वडिलांना दवाखान्यात ठेवलं त्या वेळी आमची पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा त्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. आम्ही 4,500 ची खोली घेतली. वाटलं, वरचे 1,500 आपण भरू. कंपनीने डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशनचं शुल्कही त्याच प्रमाणात, दोन तृतीयांशच मंजूर केलं. ती एक ओळ आधी वाचली असती तर कित्येक वर्षांच्या जर्सी निघाल्या असत्या.

हप्ता चुकवून कपडे घेणं तर सर्वांत वाईट. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, तीही गेली की पॉलिसी बंद, आणि जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (जास्तीत जास्त तीन वर्षं) पुन्हा पहिल्यापासून. उलट इथे पैसा निघतोही. त्याच 22 सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. 24,000 च्या हप्त्यावर आधी 4,320 कर होता. मूळ हप्ता कंपनीने वाढवला नसेल तर दोन शॉर्ट्स त्यातच बसल्या. आईच्या गोळ्याही डॉक्टरांकडून घटकाच्या नावाने लिहून घेऊन जनऔषधी केंद्रातून आणायला लागलो, तेव्हापासून तो 1,120 चा आकडा निम्म्याखाली आलाय.

रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांनाच. जवळचं कुठलं, हे आजारी पडण्याआधी शोधून ठेवा. बँकेतून वर्षाला 20 रुपयांत निघणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही घ्या: 18 ते 70 वय, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. दवाखान्याचं बिल तो देत नाही. तरी महामार्गावर केळीच्या ट्रकांशेजारून सायकल हाकणाऱ्याने 20 रुपयांचा विचार करू नये.

हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांचा कपड्यांच्या यादीत पहिला नंबर, त्यावर चर्चाच नको. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट आतून चेपलेलं असतं, वरून धड दिसलं तरी बदला. अंधारात चमकणारं जाकीट बांधकाम साहित्याच्या दुकानात दीड-दोनशेला मिळतं. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) रात्रीसाठी असंच लागतं, साडेतेरा तासांत पोचताना अंधार होतोच.

परवा ग्रुपवर यंदाच्या जर्सीचा नमुना आला. केशरी, फार देखणी, 1,600. रविवारपर्यंत नावं द्यायची आहेत. बायकोला फोटो दाखवला. तिने वही उघडली, मागचं पान काढलं आणि विचारलं, "गेल्या वर्षीची फाटली का?"