पांडुरंगावर भार टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं

लातुरात मी क्लासच्या मुलींची मेस चालवते. परवा एका जुन्या मुलीचा फोन आला. "मावशी, नोकरी गेली. सगळे म्हणतात देवावर भरवसा ठेव. पण ठेवायचा म्हणजे करायचं काय?"

तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीला दहा वाघिणी. तोवर माझ्या बावीसपैकी एकोणीस मुली गावाकडे गेल्या होत्या. भांडी घासायला पाणी नाही तिथं मेस कसली चालवता!

आधी नवस बोलणं बंद करा. मी बोलले होते, मेस सुरू झाली तर चांदीचं तुळशीपत्र वाहीन. सासूबाई म्हणाल्या, "तो काय उधारीचं दुकान मांडून बसलाय?" त्यापेक्षा संध्याकाळी ठरल्या वेळी हरिपाठ म्हणा. मन लागलंच पाहिजे असं नाही. माझ्या डोक्यात निम्मा वेळ गॅस टाकीचा हिशोब चालायचा.

मग एक वही करा. डावीकडे आजची गरज, उजवीकडे काय मिळालं. मागणं एका दिवसाचंच. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: डावीकडे 'पाणी ४ घागरी, लाइट बिल'. उजवीकडे 'शेजारच्या भाभींनी २ घागरी दिल्या. बिल नाही.' ते 'नाही' लिहायला विसरू नका. खोटं लिहून देवाची लाज राखायची गरज नसते.

मदत आली की घ्या. इथंच माझं अडायचं. वारीत अनोळखी गावात पंगतीला बसताना लाज वाटत नाही, पण शेजारीण घागर घेऊन दारात आली की "असू द्या हो" तोंडातून निघायचंच. भाभी एकदा रागावल्या, घागर उंबऱ्यावर ठेवून निघून गेल्या. तेव्हापासून मी मुकाट्यानं घेते.

मार्ग दाखव म्हटल्यावर मनात येईल ते सगळं देवानंच सुचवलं असं धरू नका. मला आधी सुचलं होतं गळ्यातलं मोडून बोअर पाडायचं. माझा नियम असा: सुचलेलं एक रात्र तसंच ठेवायचं, सकाळी घरातल्या व्यवहारी माणसाला सांगायचं. सासूबाईंनी मागच्या गल्लीतला कोरडा बोअर दाखवला आणि विषय संपला. दुसरं सुचलं ते टिकलं. येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ, आणि शेंगाची चटणी. दोन्हीला पाणी लागत नाही. धणे, बाजरी, डाळ मंद आचेवर भाजायची, घाई केली की येसर कडवट होतो. पाव-पाव किलोच्या पुड्या बांधून मी बँकेतल्या बायकांना विकल्या.

सावकाराकडे मात्र जाऊ नका. बचत गट असेल तर तिथं तोंड उघडा.

राग आला तर पांडुरंगालाच बोला. जनाबाईनं त्याला शिव्या घातल्यात, आपण कोण? आणि कुणी म्हणालं की तुमची भक्ती कमी पडली, तर त्याला चहासुद्धा विचारू नका. दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यांची भक्ती कमी होती का?

एकादशी जमेल तशी करा. साबुदाणा भाकरीपेक्षा महाग पडतो, नुसत्या शेंगदाण्यांवरही भागतं.

त्या वर्षी पुढं पाऊस झाला, धरण भरलं, मुली परत आल्या. येसर अजून विकते. ते लाइट बिल मात्र दंडासकट भरावं लागलं. वहीत उजव्या बाजूला तसंच लिहून ठेवलंय.