नागपुरातून स्पाची २४ तासांची जीटी शर्यत कशी पाहावी

बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोरशाँला शर्यत दुपारी साडेचारला सुटते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात. जेवण आधीच उरकून घ्या, कारण पहिला तास चुकवण्यासारखा नसतो.

सर्वांत आधी लाइव्ह टायमिंगमधला, म्हणजे प्रत्येक गाडीचं स्थान आणि वेळ दाखवणाऱ्या ऑनलाइन तक्त्यातला, वर्गाचा रकाना शोधा. गाड्या सगळ्या जीटी३ प्रकारच्याच, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या, पण वर्ग ठरतो चालकांवरून. एफआयए, म्हणजे मोटारशर्यतींची जागतिक संघटना, चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी श्रेणी देते. ब्राँझ कप या वर्गात ब्राँझ चालक, म्हणजे बहुधा हौशी माणूस, असावाच लागतो. म्हणून एखादी गाडी अचानक फेरीमागे दोन-तीन सेकंद मंदावली, तर इंजिन बिघडलं असं समजण्याआधी गाडीत कोण बसलंय ते बघा.

पोर्शेचं इंजिन मागे, मर्सिडीजचं पुढे, फेरारीला टर्बो. तरी सगळ्या जवळपास सारख्या वेगाने पळतात, कारण 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स'च्या नियमाने प्रत्येक मॉडेलचं वजन आणि ताकद बांधून दिलेली असते.

खरी शर्यत पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबून दुरुस्ती-भरणी करतात त्या जागेत, जिंकली जाते. एक फेरी ७.००४ किमीची, वेळ सुमारे २ मिनिटं २० सेकंद. साधारण तासाभरात पेट्रोल संपत येतं, मग पेट्रोल, टायर आणि चालकबदल. कोणी थांबलंय, कोणी नाही, हे मोजल्याशिवाय पहिल्या क्रमांकाला अर्थ नाही. फुल कोर्स यलो, म्हणजे अपघातासारख्या कारणाने संपूर्ण ट्रॅकवर सावधानतेचा पिवळा इशारा, लागला की सगळ्यांना ताशी ८० किमीवर यावं लागतं. त्या वेळी पिटमध्ये शिरणाऱ्याचं नुकसान कमी होतं. नुकताच थांबून गेलेला संघ मात्र फसतो. सेफ्टी कार आली तर सगळ्या गाड्या तिच्यामागे रांगेत येतात आणि मिनिटभराची आघाडीही पुसली जाते. ५०० फेऱ्या म्हणजे ३,५०२ किमी, समृद्धी महामार्गाच्या पाच लांब्या. एवढ्या धावेत ब्रेक टिकत नाहीत, त्यामुळे डिस्क-पॅड बदलायला लागणारा लांब थांबा कोण कधी घेतो, हेही टिपून ठेवा.

ही शर्यत ज्या मालिकेचा भाग आहे, त्या जीटी वर्ल्ड चॅलेंज युरोपच्या एन्ड्युरन्स कपचे (लांब पल्ल्याच्या शर्यतींचा करंडक) गुण ६, १२ आणि २४ तासांच्या स्थानांवर मिळतात. आपल्याकडे रात्री दोन, सकाळी आठ आणि पुन्हा रात्री आठ. झोपायचंच असेल तर दोननंतर झोपा. झेंडा पडल्यावरही निकाल तात्पुरताच असतो. गाड्यांची तांत्रिक तपासणी आणि दंडांचा निर्णय होईपर्यंत गुणतक्ता जुळवत बसू नका.