शाब्दिक उदाहरण सुटत नाही? आधी पेन्सिल खाली ठेवा

“आई, यात बेरीज करायची का वजाबाकी?” गणिताची वही उघडली की पाच मिनिटांच्या आत हा प्रश्न येतो. स्वयंपाकघरातून उत्तर जातं, “अगं, एकूण विचारलंय ना? मग बेरीज कर!” उदाहरण सुटतं, पोळी करपत नाही, सगळे खूश. आणि पुढच्या उदाहरणाला तोच प्रश्न पुन्हा येतो.

माझ्याकडे आसपासची दुसरी ते पाचवीची मुलं संध्याकाळी गणिताला बसतात. त्यांतल्या बहुतेकांना ५२ मधून २७ वजा करायला सांगितलं तर नीट हातचा घेऊन करतात. हीच वजाबाकी चार ओळींच्या गोष्टीत घालून दिली की अडतात. म्हणजे वजाबाकी येत नाही असं नाही. गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहिलेली नसते, आणि आकडे मात्र दिसत असतात. मग मूल आकडे उचलतं आणि त्यांचं काहीतरी करून टाकतं.

हा दोष आपल्याच मुलांचा आहे असं समजू नका. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या संशोधकांनी १९८० च्या आसपास प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं होतं: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दाखवलं. मी आमच्याकडे एसटीतली ३० माणसं, ६ कोंबड्या आणि कंडक्टरचं वय असं विचारून पाहिलं. “छत्तीस,” एक जण लगेच म्हणाला. दुसऱ्यानं त्याला खोडून काढलं, “चोवीस. कोंबड्या उतरल्या असतील.”

तर सुरुवात आकड्यांपासून करायचीच नाही.

पहिली पायरी: आकडे झाकून गोष्ट सांगायला लावा

पेन्सिल खाली. उदाहरण मोठ्यानं वाचायचं. मूल अजून जोडाक्षरांशी झगडत असेल तर तुम्ही वाचा; सगळी ताकद “उर्वरित” हा शब्द वाचण्यात गेली तर अर्थासाठी काही शिल्लक राहत नाही. तुम्ही वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मराठीत आपण “पंचेचाळीस” म्हणताना पाच आधी बोलतो आणि चाळीस नंतर, म्हणून ऐकून लिहिणारं मूल ५४ लिहून ठेवतं. “एकोणसाठ” ऐकलं की ६९ लिहिणारीही भेटतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात “वीस एक” असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता! तो वाद बाजूला ठेवू, पण अडचण खरी आहे. त्यामुळे उदाहरण ऐकवलंत तरी आकडे कागदावर दिसू द्या.

आता हे उदाहरण घ्या. “भाऊंनी डेअरीला सकाळी आणि संध्याकाळी मिळून एकूण १८ लिटर दूध घातलं. सकाळी ११ लिटर घातलं, तर संध्याकाळी किती लिटर घातलं?”

दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून झाका आणि म्हणा, “आता मला गोष्ट सांग.” मूल सांगेल: भाऊंनी दोनदा दूध घातलं. दोन्ही वेळचं मिळून किती ते माहीत आहे. सकाळचं माहीत आहे. संध्याकाळचं विचारलंय. एवढं बोलता आलं की निम्मं काम झालं. आता विचारा, “संध्याकाळचं दूध अठरापेक्षा जास्त असेल का कमी?” कमी, हे कोणीही सांगेल. ज्यांना “एकूण म्हणजे बेरीज” असं पाठ करून दिलेलं असतं, ती मुलं मात्र इथे १८ आणि ११ मिळवून २९ लिटर लिहून मोकळी होतात.

या खुणेच्या शब्दांच्या याद्या मला अजिबात आवडत नाहीत. एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे भागाकार, असं भिंतीवर चिकटवलेलं असतं. पहिलीत त्या चालतात. तिसरीत दगा देतात, आणि तोवर मुलाला वाचायचं सोडून शब्द शोधायची सवय लागलेली असते.

दुसरी पायरी: शब्दांची गाठ सोडवा

गोष्ट सांगताना मूल जिथे अडखळतं तिथे बहुतेक वेळा एखादा छोटा शब्द असतो. “अपरिमेय” वगैरे भारी शब्द प्राथमिकला नसतातच. अडतात ते पैकी, प्रत्येकी, दर, ने, पट.

हे शब्द समजावून सांगू नका, हातात द्या. चार वाट्या मांडा आणि म्हणा, “प्रत्येक वाटीत तीन-तीन शेंगदाणे घाल. प्रत्येकी तीन झाले.” मग बारा दाणे देऊन उलट करायला लावा. “पैकी”साठी ताटातल्या दहा पुऱ्या पुरतात: दहापैकी चार खाल्ल्या. “ने” आणि “पट” यांचा घोळ चौथीपर्यंत चालतो, त्यामुळे ते शेजारी-शेजारी दाखवा. ५ पेक्षा ३ ने जास्त म्हणजे ८, आणि ५ च्या ३ पट म्हणजे १५. दाणे मांडले की फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरा गट सव्वा, दीड, पाऊण, अडीच यांचा. शहरातल्या मुलांना हे शब्द कानावरून गेलेले असतात, अर्थ लागलेला नसतो. अडीच डझन केळी म्हणजे ३०, पाऊण किलो म्हणजे ७५० ग्रॅम, पावणेदोन तास म्हणजे १०५ मिनिटं, सव्वाशे रुपये म्हणजे १२५, पण पावणेदोनशे म्हणजे १७५. शेवटचे दोन तर मोठ्यांनाही क्षणभर थांबवतात. भाजी आणायला जाताना मुलाला सोबत न्या आणि भाजीवालीशी त्यालाच बोलू द्या. “पाव किलो मिरच्या, दीड किलो कांदे” असं त्याच्या तोंडून गेलं की पुस्तकातलं उदाहरण परकं वाटत नाही.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तर त्याच्या वाटेत आणखी एक भिंत असते. “ऑल्टुगेदर”, “लेफ्ट”, “ईच” हे शब्द त्याला वाचता येतात, पण त्यांतून चित्र उभं राहत नाही. तेव्हा आकडे झाकून गोष्ट सांगायची ती घरच्या भाषेत. वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडीत, मालवणी असाल तर मालवणीत. उत्तर शाळेच्या भाषेत लिहिलं की झालं.

तिसरी पायरी: चित्र काढा, पण चित्रकलेचं नको

वीसच्या आतले आकडे असतील तर चिंचोके, बटणं, राजमा काहीही चालेल. मोठ्या आकड्यांसाठी पट्ट्या काढायला शिकवा. नाहीतर मुलं बोरांची पानं रंगवत बसतात आणि अर्धा तास जातो.

पट्ट्यांचा खरा उपयोग तुलनेच्या उदाहरणांत होतो, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुका तिथेच असतात. “मीनाकडे १२ बोरं आहेत. ती सोनूच्या बोरांपेक्षा ४ ने जास्त आहेत. सोनूकडे किती?” “जास्त” दिसलं की मुलं १६ लिहितात. कागदावर मीनाची एक आडवी पट्टी काढा, तिच्यावर १२ लिहा. मग विचारा, “सोनूची पट्टी हिच्यापेक्षा लांब का आखूड?” इथे थांबा. मूल विचार करेल, पुन्हा वाचेल, आणि म्हणेल, आखूड. मीनाच्या खाली सोनूची आखूड पट्टी आली, आणि उजवीकडे जो तुकडा जास्त उरला त्यावर ४ लिहिलं, की ८ हे उत्तर मूल स्वतःच सांगतं. कुठली क्रिया करायची हा प्रश्न तुम्ही कुठेही विचारला नाही, त्यानंही विचारला नाही.

मूल अडलं की आपल्या तोंडून “वजाबाकी कर ना!” निसटतं. माझ्याही निसटतं. त्याऐवजी तीन प्रश्न तयार ठेवा: काय माहीत आहे? काय विचारलंय? चित्रात ते कुठे आहे? मग खरोखर गप्प बसा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. आपल्याला ती शांतता खुपते, पण मुलाचं डोकं तेव्हाच चाललेलं असतं.

चौथी पायरी: अंदाज, मग मांडणी

गणित करण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते बोलायला लावा. “पन्नासच्या आत” एवढंही पुरे. मग एककाखाली एकक, दशकाखाली दशक. हा भाग शाळेत भरपूर होतो, त्यावर मी जास्त बोलत नाही.

पाचवी पायरी: आकड्याचं उत्तर गोष्टीत परत न्या

इथे मात्र थोडं रेंगाळा. ५० भागिले ८ हा एकच भागाकार घ्या. भागाकार ६, बाकी २. आता तीन गोष्टी.

होडीत एका वेळी ८ जण बसतात. ५० जणांना नदीपलीकडे न्यायला किती फेऱ्या लागतील? ७. उरलेल्या दोघांना काठावर सोडून कसं चालेल?

एक पेन ८ रुपयांचं. ५० रुपयांत जास्तीत जास्त किती पेनं येतील? ६. दोन रुपयांत दुकानदार पाव पेन देत नाही.

५० लाडू ८ मुलांना सारखे वाटले. डब्यात किती उरले? २.

भागाकार तोच, उत्तरं तीन. चौथी-पाचवीतल्या मुलांना हे तीन प्रश्न एकाखाली एक लिहून द्या आणि त्यांचे चेहरे बघा. “भागाकार बरोबर आहे, मग उत्तर चूक कसं?” असं भांडायला उठतात. ते भांडण होऊ द्या. उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचा आग्रह याचसाठी धरायचा: “एकूण ७ फेऱ्या लागतील.” नुसतं ६ लिहिलं तर गोष्टीकडे परत जावंच लागत नाही.

ताळाही असाच गोष्टीतून करायचा. सोनूची ८ आणि वर ४ म्हणजे मीनाची १२ होतात का? होतात. मग पुढे चला.

दोन टप्प्यांची उदाहरणं

तिसरीपासून एका उदाहरणात दोन कामं येतात आणि मधला प्रश्न पुस्तकात लिहिलेला नसतो. “एक वही १२ रुपयांची. आईनं ५ वह्या घेतल्या आणि दुकानदाराला १०० रुपये दिले. किती रुपये परत मिळाले?” मूल १०० मधून १२ काढतं, नाहीतर १२ ला ५ नं गुणून ६० लिहून थांबतं.

यावर माझा उपाय दुकान मांडण्याचा. मुलाला दुकानदार करा, जुन्या वह्या पुढ्यात ठेवा, कागदाची १०० ची नोट द्या. “शेठ, पैसे परत द्या.” दुकानदाराला आधी बिल काढावंच लागतं. तो लपलेला प्रश्न, वह्यांचे किती झाले, त्याच्याच तोंडून येतो. साठ झाले, चाळीस परत. हल्ली आपण मोबाईलनं स्कॅन करून पैसे देतो, त्यामुळे सुटे परत घेण्याचा व्यवहार मुलांना दिसतच नाही. पुस्तकातली अर्धी उदाहरणं मात्र अजून त्याच व्यवहारावर उभी आहेत. म्हणून किराणा आणायला जाताना अधूनमधून रोख पैसे न्या.

रोज किती करायची? दोन. एक जमेल असं, एक थोडं अडवणारं. पानभर वीस उदाहरणं करून घेतली तर दहाव्याला मूल पुन्हा आकडे उचलायला लागतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

शेवटची पायरी: मुलालाच उदाहरण रचू द्या

आठवड्यातून एकदा ४० − १२ = २८ असं काहीतरी लिहून द्या आणि यावर गोष्ट रचायला सांगा. गोष्टीत कुठे काय कमी पडतं ते रचताना मुलाला आपोआप कळायला लागतं, आणि त्याला कुठलं नातं समजलेलं नाही हे तुम्हाला त्याच्या गोष्टीवरून कळतं. सुरुवातीला गोष्ट असेल पण प्रश्न नसेल. आमच्याकडच्या दुसरीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं: “आजीनं ४० पुऱ्या केल्या. बाबांनी १२ खाल्ल्या. तर बाबांचं पोट का दुखलं?” आम्ही सगळे पोटभर हसलो. मग मी तिला एवढंच म्हटलं, की यात २८ कुठेतरी यायला हवेत. तिनं शेवटची ओळ खोडली, पेन्सिलचं टोक चावत बसली, आणि लिहिलं, “तर आईला आणि मला मिळून किती राहिल्या?”