स्टँडअलोन ईसीयू घ्यायच्या आधी काय काय बघायचं (आणि ट्रिगर, ट्रिगर, ट्रिगर)

स्टँडअलोन ईसीयू म्हणजे कंपनीच्या ईसीयूच्या जागी बसवायचा, आपल्याला हवा तसा ट्यून करता येणारा इंजिनचा कॉम्प्युटर. इंजिन कुठलं, टर्बो आहे का, खिशात किती आहेत हे ठरलेलं असणारच, त्यात वेळ घालवत नाही. सगळ्यात आधी क्रँक आणि कॅमचा ट्रिगर बघा, म्हणजे इंजिन फिरताना नेमकं कुठे आहे ते ईसीयूला सांगणारा सिग्नल. म्हणजे क्रँकच्या चाकावर दात किती, गाळलेले किती, कॅमवर काय आहे, सेन्सर व्हीआर (चुंबक आणि कॉइलवाला) आहे की हॉल (इलेक्ट्रॉनिक). मागच्या वेळी मी बाकी सगळं बघून नेमकं हेच सोडलं आणि मग स्टार्टर फिरतोय नि लॅपटॉपवर आरपीएम शून्य, त्यामुळे खाली हेच परत परत येणार, कंटाळा आला तरी वाचा.

३६-१ (३६ दातांच्या जागा, एक गाळलेला) किंवा ६०-२ चाक असेल तर नशीबवान आहात, ते जवळपास सगळेच ईसीयू वाचतात. पण जुन्या सुबारू ईजेला क्रँकवर ६ आणि कॅमवर ७ दात, तेही सारख्या अंतरावर नाहीत, निसानच्या एसआर२० ला ३६० फटींची ऑप्टिकल चकती, टोयोटाच्या जुन्या, व्हीव्हीटीआय नसलेल्या २जेझेडला क्रँकवर १२ दात आणि एकही गाळलेला नाही. तुमचा पॅटर्न नावानिशी त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये शोधा. पेटीवर युनिव्हर्सल छापलंय म्हणून पैसे देऊ नका! सेन्सरचंही तेच. व्हीआर स्वतःच व्होल्टेज तयार करतो, क्रँकिंगला ते अगदी कमी असतं, आणि त्याच्या दोन वायरी उलट जोडल्या की गाळलेला दात नीट सापडत नाही किंवा आरपीएमबरोबर टायमिंग सरकत जातं. हॉलला सप्लाय लागतो, तो चौकोनी सिग्नल देतो. वायरी मोजून ठरवू नका हां, व्हीआरलाही शील्डची तिसरी वायर असते. आणि व्हीआर असेल तर ईसीयूमध्ये त्याचं कंडिशनर (तो सिग्नल चौकोनी करणारं सर्किट) आहे का बघा, स्पीडुइनो ह्या ओपन सोर्स ईसीयूच्या ०.४ बोर्डवर ते मॉड्युल वेगळं लावावं लागतं.

मग आउटपुट मोजा. चार सिलिंडर पूर्ण सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळेवर वेगळं फ्यूएल आणि स्पार्क) चालवायचे तर ४ इंजेक्टर आणि ४ इग्निशन, शिवाय फॅन, पंप, बूस्ट सोलेनॉइड, व्हीव्हीटी (कॅमचं टायमिंग बदलणारी यंत्रणा), आयडल व्हॉल्व्ह, आणि वर दोन-तीन मोकळे ठेवा, नंतर काहीतरी सुचतंच. सिक्वेन्शियलला कॅम सिग्नल लागतो, कारण एका सायकलमध्ये क्रँक दोनदा फिरतो आणि कॅमशिवाय ईसीयूला कळत नाही कॉम्प्रेशन चाललंय की एक्झॉस्ट. (बघा, आलो परत ट्रिगरवर.) कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आहे की नाही तेही तपासा, नसेल आणि ईसीयू नुसता ५ व्होल्टचा सिग्नल देत असेल तर मधे वेगळा इग्नायटर हवाच.

इंजेक्टरचा रेझिस्टन्स मीटरने मोजा, १२ ओहमच्या आसपास असेल तर चिंता नाही, २-३ ओहम असेल तर पीक अँड होल्ड ड्रायव्हर (आधी जास्त करंट, मग कमी करंटवर धरून ठेवणारा) किंवा बॅलास्ट रेझिस्टर लागेल, नाहीतर ड्रायव्हर जळेल. डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी तर इथेच थांबून नीट चौकशी करा, त्याला वेगळे हाय व्होल्टेज ड्रायव्हर आणि हाय प्रेशर पंपाचा कंट्रोल लागतो, बहुतेक ईसीयूंना ते झेपत नाही.

मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा) अब्सोल्यूट, म्हणजे हवेचा साधारण १ बार धरून, मोजतो हे विसरायचं नाही. १.५ बार बूस्ट म्हणजे २.५ बार अब्सोल्यूट, २.५ बारचा सेन्सर तिथेच संपला, म्हणून ३ बार घ्या. ड्राइव्ह बाय वायर (केबलऐवजी मोटरने उघडणारा थ्रॉटल) असेल तर थ्रॉटलच्या मोटरसाठी एच-ब्रिज (मोटर दोन्ही दिशांना फिरवणारं सर्किट) आहे का बघा, इथे जुगाड नको, थ्रॉटल उघडा राहिला तर जीवावर बेतेल. वाइडबँडचा (हवा-फ्यूएलचं प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) कंट्रोलर आत असला तर बरं, नसला तर बाहेरून लागतो. नॉक (सिलिंडरमधली ठोकर) ऐकणाऱ्या सेन्सरचं इनपुट घ्याच.

ब्रँडवरून भांडत बसू नका. हॅल्टेक, लिंक, मॅक्सईसीयू, ईसीयूमास्टर, सगळ्यांवर गाड्या चालतात. तुमच्या ट्यूनरला कुठलं सॉफ्टवेअर येतं ते विकत घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही, आणि त्याच फोनवर विचारून घ्या की हाच ट्रिगर त्याने ह्याच ईसीयूवर चालवलाय का. 'होऊन जाईल' हे उत्तर धरायचं नाही.

गाडी नवी असेल तर कॅन बस, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांची आपसात बोलायची लाइन. डॅश, एबीएस, एसी, इमोबिलायझर सगळं ओरिजिनल ईसीयूशी बोलत असतं, तो काढला की काय काय मरेल ते आधी शोधा. रस्त्यावर चालवायची तर एमिशनचे नियमही बघा.

वायरिंगचं थोडक्यात: सेन्सर ग्राउंड ईसीयूलाच, पॉवर ग्राउंड ब्लॉकला, क्रँक सेन्सरला शील्डेड वायर आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड. मेन रिले, फ्यूज, लेबलं. पहिल्यांदा इंजेक्टर आणि कॉइलचे प्लग काढून नुसतं क्रँक करा, आरपीएम स्थिर दिसला तरच पुढे, मग कॉइल परत जोडून टायमिंग १० डिग्रीला लॉक करून टायमिंग लाइटने पुलीवर जुळतंय का बघा. जुळत नसेल तर ट्रिगर ऑफसेट (गाळलेला दात आणि टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वात वर असण्याची जागा, ह्यांतलं डिग्रीचं अंतर) बदला, फ्यूएल मॅपला तोपर्यंत हातसुद्धा लावू नका.